शाश्वत वाहतुकीच्या धोरणात संशोधनाची वाट कशी धरावी

शाश्वत वाहतूक आणि भविष्यातील प्रवासव्यवस्था या क्षेत्रात संशोधन करू इच्छिणारे अनेक विद्यार्थी विषयाचा विचार वाहनापासून सुरू करतात. कोणाला विद्युत मोटारीचे आकर्षण असते, तर कोणाला चालकाविना धावणाऱ्या गाडीचे. माझे सांगणे असे की, सुरुवात प्रश्नापासून करावी आणि तो प्रश्न असा निवडावा की त्याच्या उत्तरावर कोणाला तरी निर्णय घेता येईल. रस्त्यावरील जागा कोणाला द्यायची, कोंडीची किंमत कोणी मोजायची, बस किती मिनिटांनी सुटायची, हे प्रश्न वाहन बदलले तरी कायम राहतात. कोंडीत सापडलेली विद्युत मोटार पेट्रोलच्या मोटारीइतकीच जागा अडवते, ही साधी गोष्ट संशोधनाचा आराखडा करताना वारंवार विसरली जाते.

चांगला प्रश्न कसा असतो, हे पाहण्यासाठी स्टॉकहोमच्या कोंडी-शुल्काचा, म्हणजे गर्दीच्या शहरभागात ये-जा करणाऱ्या वाहनांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काचा, अभ्यास अवश्य करावा. जानेवारी ते जुलै 2006 या काळात तेथे प्रथम चाचणी झाली, त्या वर्षी सप्टेंबरमध्ये सार्वमत घेतले गेले आणि ऑगस्ट 2007 पासून शुल्क कायमचे लागू झाले. शुल्काच्या सीमेवरून ये-जा करणारी वाहने सुमारे 20 टक्क्यांनी घटली. परंतु संशोधकाच्या दृष्टीने त्याहून मोलाची बाब अशी की, चाचणीपूर्वी विरोधात असलेले लोकमत प्रत्यक्ष अनुभवानंतर बदलले. येथे अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि वाहतूक अभियांत्रिकी यांना एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाही.

म्हणूनच पदवी कोणत्या शाखेची असावी, या चिंतेत फार वेळ घालवू नये. स्थापत्य अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, भूगोल, नगररचना, समाजशास्त्र, संख्याशास्त्र यांपैकी कोणत्याही दाराने या क्षेत्रात येता येते. मात्र एक पद्धत पूर्णपणे हस्तगत असली पाहिजे. सगळ्याच पद्धतींची तोंडओळख असलेल्या उमेदवाराची फारशी गरज कोणाला भासत नाही. प्रवासी पर्यायांमधून निवड कशी करतात, याची प्रतिमाने (गणिती मॉडेल) हा असा एक भक्कम पाया आहे. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ‘बार्ट’ रेल्वे सुरू होण्यापूर्वी या पद्धतीने अंदाज बांधला होता की, कामावर जाणाऱ्यांपैकी 6.3 टक्के लोक ती वापरतील. अधिकृत अंदाज 15 टक्क्यांचा होता आणि प्रत्यक्षात आकडा 6.2 टक्के निघाला. मॅकफॅडन यांना 2000 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते याच पद्धतीच्या विकासासाठी. ज्यांचा कल लोकांशी बोलण्याकडे आहे त्यांनी मुलाखती व क्षेत्रअभ्यास तितक्याच शिस्तीने शिकावा. तो सोपा मार्ग आहे, असे मानू नये.

सरावासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याची गरज नाही. अनेक शहरांच्या बस-रेल्वेची वेळापत्रके ‘जीटीएफएस’ या खुल्या स्वरूपात आणि रस्त्यांचे नकाशे ‘ओपनस्ट्रीटमॅप’वर विनामूल्य मिळतात. पायथन किंवा आर ही संगणकीय भाषा आणि क्यूजीआयएस ही नकाशे बनवण्याची प्रणाली यांच्या साहाय्याने, एखाद्या वस्तीतून 45 मिनिटांत किती रुग्णालये गाठता येतात, याचा नकाशा तयार करावा. त्यानंतर घड्याळ घेऊन तेथील थांब्यावर तीन-चार सकाळी उभे राहावे आणि बस खरोखर कधी येते, त्याची नोंद करावी. वेळापत्रकात दिलेले आश्वासन आणि थांब्यावरील वास्तव यांतील फरक मोजता आला, तर पहिला शोधनिबंध तेथेच हाती लागू शकतो. अंधार पडल्यावर ज्या स्त्रिया त्या थांब्यावर उभ्या राहत नाहीत, त्या मात्र या मोजणीतही दिसत नाहीत, याचे भान ठेवावे.

डॉक्टरेट विद्यापीठातील नोकरीसाठी बहुधा अनिवार्य असते. महापालिका, सल्लागार संस्था किंवा धोरण-अभ्यास संस्था यांत पदव्युत्तर पदवीनंतरही प्रवेश मिळू शकतो. पॅरिसस्थित आंतरराष्ट्रीय वाहतूक मंच, शाश्वत वाहतुकीवर काम करणारी ‘आयटीडीपी’, जागतिक संसाधन संस्था अशा ठिकाणांचे अहवाल केवळ निष्कर्षांसाठी वाचू नयेत. त्यांतील माहिती कोठून आली आणि निष्कर्ष कोणत्या गृहीतकांवर उभे आहेत, ते उलगडून पाहावे. संशोधनाचा परिणाम किती दूर जाऊ शकतो, याचा दाखला स्वच्छ वाहतुकीवर संशोधन करणाऱ्या ‘आयसीसीटी’ या संस्थेने दिला आहे. तिच्या पुढाकाराने वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने डिझेल मोटारींचे उत्सर्जन प्रयोगशाळेऐवजी रस्त्यावर मोजले आणि त्यातूनच 2015 मध्ये फोक्सवॅगन या मोटार कंपनीचा, चाचणीपुरते उत्सर्जन कमी दाखवण्याचा घोटाळा उघडकीस आला.

अर्जासोबत लांबलचक प्रबंधाऐवजी दोन पानांचे धोरण-टिपण जोडावे. त्यात प्रश्न, पुरावा, शिफारस आणि त्या शिफारशीमुळे कोणाचे नुकसान होईल, हे स्पष्ट लिहावे. शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात. कोणत्याही नोकरीत रुजू होण्याआधी निधी कोणाचा आहे आणि प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध करता येतील का, हे विचारावे. उत्तर लेखी मागण्यात संकोच बाळगू नये.