विचर ३ मधलं दूरचं धुरकट दृश्य असं साफ केलं (माझा अनुभव)

आमच्या यवतमाळकडच्या गावात कापसाची वेचणी चालू असली की खेळायला रात्रच मिळते. लहान भाऊ 'द विचर ३' हा कॉम्प्युटर गेम खेळत होता आणि म्हणाला, "दादा, दूरची झाडं अशी पुसट काऊन दिसून राहिली?"

पहिले रिझोल्यूशन, म्हणजे चित्र किती पिक्सेलचं (ठिपक्यांचं) आहे, ते पाहिलं. ते स्क्रीनच्या मूळ आकड्याइतकंच होतं, म्हणजे दोष तिथं नव्हता. मग ऑप्शन्समधून व्हिडिओ आणि तिथून पोस्टप्रोसेसिंग उघडलं. तिथं 'डेप्थ ऑफ फील्ड' बंद केलं अन् दूरची झाडं, घरांची छपरं लगेच उठून दिसू लागली.

हा परिणाम कॅमेऱ्याच्या भिंगाची नक्कल असतो. खऱ्या भिंगात फोकसच्या पुढचं-मागचं आपोआप पुसट होतं. गेममध्ये प्रत्येक पिक्सेल किती दूर आहे ते पाहून तेवढं धूसर करतात, आणि ते काम ग्राफिक्स कार्डावर पडतं. जुन्या लॅपटॉपवाल्यांनी म्हणूनही हे बंद करून पाहावंच.

पण 'कटसीन डेप्थ ऑफ फील्ड' हा पर्याय वेगळा आहे, तो मी चालूच ठेवला. कथेच्या प्रसंगात मागचं पुसट झालं की पात्राच्या चेहऱ्यावर नजर ठरते, आणि मला ते फार आवडतं.

कॅमेरा फिरवतानाच चित्र फरफटत असेल तर ते मोशन ब्लरचं काम. त्याचं बटण त्याच यादीत आहे. कडा मात्र नेहमीच मऊ वाटत असतील तर तिथलंच शार्पनिंग वाढवा.