फाउंडेशन बदलायला शिका, इंजिन नंतर उघडा

तरसाळीच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून बाहेर पडलो तेव्हा डोक्यात एकच खूळ होतं, इंजिन उघडायचं. जुन्या गाड्यांच्या ज्या गॅरेजात लागलो तिथे आप्पांनी, म्हणजे आमच्या उस्तादांनी, तीन महिने मला इंजिनात बोटही घालू दिलं नाही. पहिलं स्वतंत्र काम दिलं ते इंजिन आणि गिअरबॉक्सखालची रबरं बदलायचं. कॅटलॉगात त्याला माउंटिंग म्हणतात, बडोद्यात कुठल्याही गॅरेजात ‘फाउंडेशन’ म्हणा. २०२३च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचा मेळा भरला, तेव्हापासून या लाइनीत यायचंय म्हणणारी पोरं सारखी भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

गाडी एमजीबी, विलायती, दोन सीटची, उघड्या टपाची. हे मॉडेल १९६२ ते १९८० बनलं, चार सिलिंडर, १७९८ सीसी. पाच लाखांवर गाड्या निघाल्या, म्हणून रबरं आजही नवी बनतात आणि विलायतेहून मागवता येतात. काकांची, म्हणजे गाडीच्या मालकांची, तक्रार होती की गिअरचा दांडा थरथरतो आणि क्लच सोडताना खालून ‘ठक्’ होतं. मी ताबडतोब निकाल दिला, गिअरबॉक्स गेला.

आप्पा काही बोलले नाहीत. बॉनेट उघडलं, हँडब्रेक ओढायला लावला, ब्रेकवर पाय दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा सोड म्हणाले. स्वतः बाजूला उभे राहिले. समोर कधीच उभं राहायचं नाही, हे त्यातच शिकलो. क्लचने पकड घेतली तसं इंजिन एका अंगाने चांगलं दोन बोटं उचललं. रिव्हर्स टाकला तर दुसऱ्या अंगाने. “गिअरबॉक्स कशाला उघडतोस रे? रबर फाटलंय.”

चाकाला जोर लावताना इंजिन स्वतःच उलट्या दिशेने पीळ खातं. एका बाजूचं रबर दाबलं जातं, दुसऱ्या बाजूचं ताणलं जातं. शिवाय चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन ठोके पडतात. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, मिनिटाला ९०० फेरे असले तर सेकंदाला ३० धक्के. हे सगळं गिळायचं काम त्या मूठभर रबराचं. ते मेलं की इंजिन नाचतं, सायलेन्सरचा पाइप बॉडीला लागतो, आणि बिचाऱ्या गिअरबॉक्सवर आळ येतो.

हत्यारांचं आधी बघा. विलायती गाडीला इंची पाने लागतात, म्हणजे आपले सुती; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्ध्या इंचाच्या नटावर, चार सुतावर, १३ एमएमचा पाना बसतो खरा, पण सैल. गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करायला तेवढं पुरतं. साडेतीन, चार, साडेचार सूत, एवढे चांगले पाने पहिल्या पगारातून घ्या. पगार फार नसतो, तरी घ्या.

बॅटरीची तार काढली, चाकांना ठोकळे लावले, गाडी चासीखाली स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्याला आप्पा त्याच दिवशी घरी पाठवतात. इंजिन उचलताना जॅक आणि ऑइल पॅन यांच्यामध्ये जाड फळी हवीच, नाहीतर पॅनला खड्डा पडतो. उचलायचं ते रबरावरचं वजन हटेपर्यंतच. एका वेळी एकच बाजू सोडायची. गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी काढताना शेपटीला दुसरा जॅक द्या. शेपटी खाली गेली की इंजिनाचा माथा मागे कलतो, होज, म्हणजे रबरी नळ्या, ताणले जातात, आणि पंख्याची खालची पाती रेडिएटरकडे सरकते. तिकडे एक डोळा ठेवा.

माझी चूक इथे झाली. पुढच्या एका रबराच्या मागे पातळ लोखंडी पट्टी होती. जुनं रबर तेलाने लडबडलेलं, मी पट्टीसकट भंगाराच्या डब्यात टाकलं. नवं बसवलं तर इंजिन जरा एका अंगाला बसलेलं आणि पाइप बॉडीला घासायला लागला. दुपारच्या सेव-उसळीची वेळ टळली आणि मी डबा उपसत बसलो. तेव्हापासून सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढतो आणि प्रत्येक बाजूचं सामान वेगळ्या डब्यात ठेवतो.

बोल्ट सगळे हाताने लावून घ्यायचे, कुठलाच आवळायचा नाही. वजन खाली सोडायचं, इंजिन हाताने हलवून बसू द्यायचं, मग आवळायचं. आधी आवळलं तर रबर कायमचं पिळलेलं राहतं. शे-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावायचा.

काकांनी कुठूनसं ऐकून पॉलियुरेथेनची फाउंडेशनं टाकू का, असं विचारलं होतं. रेसला ठीक. ती कडक असतात, इंजिन कमी हलतं, पण सगळी थरथर सीटमध्ये येते. मांडवीच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर रांगणाऱ्या गाडीला रबरच बरं. मात्र स्वस्तातलं नको. एकदा दुसऱ्या गाडीला एका दुकानातून आणलेलं बसवलं, चार महिन्यांत रबर पत्र्यापासून सुटलं. चांगल्या मालात रबर पत्र्यावरच व्हल्कनाइझ केलेलं, म्हणजे उष्णतेने एकजीव केलेलं असतं. यात ते नुसतं चिकटवलं होतं.

एमजीबीच्या गिअरबॉक्सखालचं जुनं रबर मी अजून ड्रॉवरमध्ये ठेवलंय. फुगून मऊ झालंय, नखाने खरवडलं तर चुरा निघतो. नवा पोरगा आला की त्याच्या हातात देतो आणि विचारतो, हे कशाने मेलं? बहुतेक जण सांगतात, जुनं झालं. मग मी त्याला वास घ्यायला सांगतो. आम्ही ते बदलण्याआधी दोन दिवस, इंजिनाच्या मागून ठिबकणारं तेल बंद करण्यात घालवले होते.