पोरांना मराठी पुस्तकांची गोडी कशी लावायची (बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या आईबापांसाठी)

आपल्याकडं घरात मराठी, शाळेत कन्नड नाहीतर इंग्लिश, टीव्हीवर हिंदी, त्यामुळं पोरं मराठी बोलतात झकास पण पुस्तक हातात दिलं की पहिल्याच पानावर गाडी अडते. आणि आपण म्हणतो ह्याला वाचायची आवडच नाही. अहो आवड नंतर, आधी डोळ्याला सवय नको काय?

शाळेत हिंदी सुरू झाली की देवनागरी येतेच, अडतंय कुठं तर ळ पाशी, ऱ्या आणि ऱ्ह पाशी, आणि ‘चार’ मधला च वेगळा नि ‘चाक’ मधला वेगळा हे कुणी सांगितलेलं नसतं. कन्नड शाळेतल्या पोराला ळ चा आवाज माहीत असतो, नुसतं अक्षर दाखवायचं. पण ह्याची शिकवणी घेऊ नका. रोज संध्याकाळी दहा मिनिटं तुम्ही मोठ्यानं वाचा, पोराला पान दिसू दे, ओळीखालून बोट फिरवा, आणि गोष्ट रंगात आली की तिथंच थांबा.

माझी मुलगी सात वर्षांची होती तेव्हा गोष्टीतली शेळी विहिरीत पडली तिथं मी पुस्तक ठेवलं आणि भाकरी करायला उठले. ही आली मागनं, "आई, शेळी वर आली काय सांग की." म्हटलं हाताला पीठ आहे, तूच बघ. कट्ट्याला टेकून दो-र-खं-ड असं एकेक अक्षर जोडत तिनं अर्धं पान काढलं, तोवर माझी एक भाकरी करपली, पण त्या दिवसापासनं ती स्वतः वाचायला लागली.

पुस्तकातली भाषा पुण्याकडची वाटते म्हणूनही पोरं बिचकतात. मी ‘काय करतोयस’ लिहिलेलं असलं तरी ‘काय करालायस’ असंच वाचायची, पोरं खुश.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पुस्तक त्यांना निवडू दे. थंडीत कडोली, येळ्ळूर, सांबरा, उचगावला साहित्य संमेलनं होतात, तिथं पुस्तकांचे स्टॉल असतात, पोराच्या हातात शंभर रुपये द्या आणि लांब उभं राहा. माझ्या मुलानं म्हशींच्या आजारांचं पुस्तक उचललं! जीव वर-खाली झाला पण गप्प बसले. दोन वर्षं नुसती जनावरं, मग साप, सापावरनं जंगल, जंगलावरनं शिकारीच्या गोष्टी, आणि आता जाड कादंबऱ्या वाचतोय. मी हातात कादंबरी दिली असती तर तिथंच संपलं असतं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचं आहे, तिथंही घेऊन जा, कपाटं बघू दे, उगीच घाई करू नका.

अर्धं सोडलं तर सोडू दे, तेच पुस्तक दहादा वाचलं तरी वाचू दे. आणि ‘बोध काय घेतलास’ हे कृपा करून विचारू नका. मी लहान असताना एका बाईंनी प्रत्येक पुस्तकावर दहा ओळी लिहायला लावल्या होत्या, मी दोन वर्षं पुस्तकाला हात लावला नाही, अजून वाईट वाटतं.

पैशाची अडचण असेल तर बालभारतीचं किशोर मासिक बघा, 1971 पासून निघतंय, जुने अंक नेटवर फुकट मिळतात. मोबाईलवर देण्यापेक्षा चार पानांची प्रिंट काढा. नुसती कोडी सोडवली तरी चालतंय, कोडं पण वाचावंच लागतं.

घरात आज्जी असेल तर पेपर वाचायचं काम पोराला द्या. आमच्या आज्जीला दिसत नाही, तिला सकाळी पहिल्यांदा निधनवार्ता लागतात, मुलगा वाचतो आणि गावाचं नाव चुकलं की ती तिथल्या तिथं थांबवते, "परत वाच, बेळगुंदी काय बेनकनहळ्ळी?"