मॅनेजमेंटचं संशोधन वापरताय? या चुका टाळा

दरवर्षी परीक्षेच्या आधी माझ्या टेबलावर एमबीएच्या प्रोजेक्ट रिपोर्टांचा गठ्ठा येतो आणि त्यात डबेवाले हमखास असतात. पांढरी टोपी, डोक्यावर डब्यांनी भरलेली लांबलचक पाटी आणि खाली ठळक अक्षरांत ‘सिक्स सिग्मा, फोर्ब्जचं प्रमाणपत्र, हार्वर्डचं संशोधन’. मी मुलांना विचारते, चुका मोजल्या कुणी? मुलं गप्प होतात. शोधायला लागतात तेव्हा कळतं की फोर्ब्ज या अमेरिकन नियतकालिकाने असं कुठलंही प्रमाणपत्र दिलेलं नाही. १९९८ साली तिथे डबेवाल्यांवर एक लेख आला होता. ‘सिक्स सिग्मा’ हा शब्द आपण त्यात वापरलाच नव्हता, असं त्याच्या लेखकानेच पुढे सांगितलं. दहा लाख संधींमागे ३.४ चुका, हा सिक्स सिग्माचा अर्थ. तसा दावा करायचा तर रोज किती डबे गेले आणि किती चुकले याची नोंद हवी.

हार्वर्डचं नाव खरं आहे. तिथले प्राध्यापक स्टीफन थॉमके यांनी २०१० मध्ये डबेवाल्यांवर केस, म्हणजे वर्गात चर्चा करण्यासाठी एका संस्थेची हकीकत, लिहिली. पण केस म्हणजे पुरावा नव्हे. हार्वर्डच्या केसच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टायपात छापलेलं असतं की, ही फक्त वर्गातल्या चर्चेसाठी आहे. मूळ माहितीचा स्रोत म्हणून किंवा चांगल्या-वाईट व्यवस्थापनाचं उदाहरण म्हणून ती वापरू नये. ती ओळ मी मुलांना मोठ्याने वाचायला लावते. डबेवाल्यांचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही. मावळ-खेड-जुन्नरकडची माणसं १८९० पासून, झाकणावरच्या रंगीत खुणा आणि आकड्यांच्या जोरावर, हे काम करत आली आहेत. रिपोर्टात तेवढंच नीट समजावून लिहिलं तरी पुरे. तीच गोष्ट हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूची. ते व्यवस्थापकांसाठी चालवलेलं नियतकालिक आहे. छापण्याआधी इतर संशोधकांकडून निबंध तपासून घेणारी शोधपत्रिका वेगळी. संदर्भ देताना दोन्ही एका रांगेत बसवू नका.

एका प्रयोगाचा नियम करणं

माझ्या ओळखीच्या एक ताई लोणची-मसाले विकतात. कुठल्याशा व्याख्यानात त्यांनी ऐकलं की पर्याय कमी ठेवले की विक्री वाढते. घरी येऊन त्यांनी अठरा लोणच्यांतली बारा बंद केली. मिरचीचं आणि लिंबाचं गोड लोणचं नेणारी जुनी गिऱ्हाइकं दोन-तीनदा विचारून गेली आणि मग यायचीच थांबली.

व्याख्यात्याने सांगितलेला प्रयोग खरा होता. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या संशोधकांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातल्या एका उंची किराणा दुकानात जॅम चाखण्यासाठी टेबल मांडलं होतं, कधी २४ प्रकार, कधी ६. चोवीसच्या टेबलाशी जास्त लोक थांबले, पण थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनीच जॅम घेतला. सहाच्या टेबलाशी थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी. पुढे २०१० मध्ये अशा पन्नास प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. काही ठिकाणी पर्याय वाढल्याने विक्री घटली होती, तर काही ठिकाणी चक्क वाढली होती. गिऱ्हाइकाला आपल्याला काय हवंय हे आधीच ठाऊक असेल, तर जास्त पर्याय त्याला जड जात नाहीत. ताईंचं गिऱ्हाईक नेमकं तसंच होतं.

ही चूक करून बसला असाल तर सगळं एकदम उलटं फिरवू नका. बंद केलेल्यांतली चार लोणची एका ठिकाणी परत ठेवा, दुसऱ्या ठिकाणी नको, आणि महिनाभर दोन्हीकडची विक्री रोज लिहा. एकच दुकान असेल तर आठवडा-आड करा. ताईंनी हेच केलं. प्रयोग वाचावा तो त्याची रीत शिकण्यासाठी. त्याचा निकाल आपल्या दुकानाला जसाच्या तसा लागू होईलच असं नाही.

फक्त जिंकलेल्यांना विचारणं

जिम कॉलिन्स यांच्या २००१ च्या ‘गुड टू ग्रेट’ या पुस्तकात १,४३५ कंपन्यांतून यशस्वी म्हणून निवडलेल्या ११ कंपन्या आहेत. त्यांतली सर्किट सिटी ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांची साखळी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी फॅनी मे ही गृहकर्जांच्या व्यवहारातली कंपनी अमेरिकन सरकारला ताब्यात घ्यावी लागली. पुस्तक वाचू नका असं मी म्हणत नाही. पण यश आधी निवडून मग त्याची कारणं शोधली, तर तीच कारणं असूनही बुडालेल्या कंपन्या नजरेसमोर येतच नाहीत. वाचताना शेजारी एक प्रश्न लिहून ठेवा: हेच करून बुडालेलं कोण?

लीडरशिपचे सर्व्हे

सगळ्यात जास्त प्रोजेक्ट इथे फसतात. गूगल फॉर्म काढायचा, शंभर ओळखीच्यांना पाठवायचा. ‘तुमचा वरिष्ठ प्रेरणा देतो का?’ आणि ‘तुमच्या टीमची कामगिरी कशी आहे?’ हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाला, एकाच बैठकीत, एक ते पाचच्या पट्टीवर विचारायचे. मग दोन्हींत घट्ट संबंध निघाला म्हणून लिहायचं की चांगल्या नेतृत्वाने कामगिरी सुधारते.

बॅरी स्टॉ या अमेरिकन संशोधकाने १९७५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही गटांना एका कंपनीचे आकडे देऊन पुढच्या विक्रीचा आणि नफ्याचा अंदाज करायला सांगितलं. नंतर चिठ्ठी टाकावी तसं काहींना सांगितलं की तुमचं काम उत्तम झालं, काहींना सांगितलं की वाईट झालं. प्रत्यक्ष कामाशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी ‘उत्तम’ ऐकलेल्यांना आपल्या गटात एकोपा होता, मोकळं बोलणं होतं असं आठवलं. ‘वाईट’ ऐकलेल्यांना तसं आठवलं नाही. निकाल कळला की माणूस त्याला साजेशी कारणं आठवतो. आयएमडी या स्वित्झर्लंडमधल्या व्यवस्थापन संस्थेचे फिल रोझेनझ्वाइग यांनी याच धाग्यावर कंपन्यांबद्दलचं बरंचसं लेखन तपासून पाहिलं आहे.

तुमच्या प्रोजेक्टसाठी उपाय अवघड नाही. नेतृत्वाबद्दल टीमला विचारा. कामगिरीचा आकडा मात्र हजेरीपटातून, माल परत आल्याच्या नोंदीतून किंवा वसुलीच्या वहीतून घ्या. जमलं तर दोन्हींत दोन महिन्यांचं अंतर ठेवा. आणि तेही जमलं नाही, तर ‘सुधारते’ऐवजी ‘सोबत आढळते’ असं लिहा. परीक्षक त्याचे गुण कापणार नाही, मी तरी कापत नाही.

‘हे परदेशातलं, आपल्याकडे चालत नाही’

ही चूक उलट्या बाजूची, आणि मला ती जास्त लागते. कारण अलीकडच्या काळातला व्यवस्थापनावरचा सगळ्यात नेटका प्रयोग आपल्या तारापूरला झाला आहे. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव इथल्या कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांचे २८ कारखाने निवडले. कुणाला पूर्ण सल्ला द्यायचा हे सोडत काढून ठरवलं. काही कारखान्यांना महिनाभराची तपासणी आणि वर चार महिने सल्लागारांची फुकट मदत मिळाली, बाकीच्यांची नुसती तपासणी झाली. तुलनेचा गट होता, म्हणूनच या निकालाला वजन आहे.

सल्लागारांनी दिलेलं काम ऐकायला अगदी साधं होतं. कापडातला दोष कुठल्या मागावर, कुठल्या प्रकारचा, हे रोज लिहा. त्यावर रोज बैठक घ्या. मागांची देखभाल ठरलेल्या दिवशी करा. गोदामातल्या सुताची छटा-वजनानुसार नोंद ठेवा, म्हणजे सूत असूनही नव्याने मागवलं जाणार नाही. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. मग हे आधी का केलं नाही? काही मालकांना या पद्धती ठाऊकच नव्हत्या. काहींना वाटत होतं की आपला दर्जा शेजारच्या कारखान्याइतका आहे, मग वेगळी नोंद कशाला. आणि कारखाना किती वाढणार हे बऱ्याच अंशी घरात विश्वासाचे पुरुष किती यावर ठरत होतं, कारण परक्याच्या हाती कारभार द्यायला मालक धजत नव्हते. हे वाचताना इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या कितीतरी वाचकांना आपला कारखाना दिसेल.

संशोधक आठ-नऊ वर्षांनी परत गेले, तेव्हा सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या. व्यवस्थापक बदलले आणि मालकांना वेळ मिळेना, ही कारणं सगळ्यात जास्त सांगितली गेली. तरीही सल्ला मिळालेले कारखाने इतरांच्या पुढेच होते.

म्हणून दोषांची वही उद्या सुरू करणार असाल, तर पहिल्याच पानावर दोन नावं लिहा: ती रोज कोण भरणार, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला तर दुसऱ्या दिवशी कोण भरणार.