केमो सुरू असताना घरकाम : या चुका टाळा

कॅन्सरवरची केमो (केमोथेरपी) घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी अंगात जोर वाटतो म्हणून कपाटं आवरायला काढणं, ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. तो जोर गोळीचा असतो. उलटी आणि ॲलर्जी टाळण्यासाठी बऱ्याच केमोंसोबत डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड देतात. त्यामुळे दोन-तीन दिवस झोप कमी होते, भूक लागते, हातपाय झपाझप चालतात. स्टेरॉइड थांबलं की साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी अंगातलं बळ एकदम जातं. जिनं मंगळवारी पडदे धुतले, तिला गुरुवारी कुकरची तिसरी शिटी होईपर्यंत ओट्यापाशी उभं राहवत नाही. घरच्यांना वाटतं, परवापर्यंत तर बरी होती, आजार वाढला की काय! वाढलेलं काही नसतं. उसना जोर फिटलेला असतो, आणि वर पडद्यांचा शीण.

म्हणून घरकामाचं वेळापत्रक वारावर बांधू नका, केमोच्या दिवसांवर बांधा. २१ दिवसांची सायकल असेल, म्हणजे दर २१ दिवसांनी केमो असेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर केमोचा दिवस १ धरून आकडे टाका. पहिले दोन-तीन दिवस जोर आला तरी नेहमीच्या निम्मंच काम. तिसरा ते सहावा दिवस फक्त स्वतःचं आवरणं. साधारण ७ ते १४ या दिवसांत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. तेव्हा काम जमेल एवढी ताकद असते, पण धूळ, ओल आणि गर्दी टाळायची. किराणा, बँक, डब्यांची भरणी, कणकेचे गोळे करून फ्रीजरला टाकणं हे १५व्या दिवसानंतर. दर आठवड्याची केमो असेल तर हा नकाशा चालत नाही; पेशी कधी घसरतात ते डॉक्टरांना विचारूनच आकडे टाका.

याची उलटी चूकही तितकीच आढळते : "तू काही करू नकोस, पडून राहा." केमोचा थकवा झोपून भरून निघत नाही. दिवसभर पडून राहिलं की स्नायू आणखी सैल पडतात आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीपर्यंत जाणंही जड होतं. डॉक्टरांची मनाई नसेल तर रोज १०-१५ मिनिटं घरातल्या घरात किंवा अंगणात चाला. बसून होणारी दोन-तीन कामं हातात ठेवा : भाजी निवडणं, घड्या घालणं, हिशेब. १५ मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की काम अर्धं असलं तरी उठा. दमल्यावर थांबायचं ठरवलं तर उशीर झालेला असतो.

कूलर, धूळ आणि वर्षाचं धान्य

नागपुरात मार्च सरत आला की घरोघरी कूलर खाली उतरतात. गेल्या वर्षीची खस (कूलरच्या बाजूंना लावलेलं गवत) काढताना जी धूळ उडते तिच्यात बुरशीचे बीजाणू असतात. निरोगी माणूस दोन शिंका देऊन मोकळा होतो. पेशी कमी असलेल्याच्या फुप्फुसात तीच बुरशी घर करू शकते. तेव्हा कूलर रुग्णाने उघडायचा नाही, आणि तो उघडत असताना त्या खोलीत, गच्चीवर किंवा अंगणात थांबायचंही नाही. जुनी खस पुन्हा लावू नका, नवी घ्या. टाकी रिकामी करून घासा, मग १० लिटर पाण्यात १०० मिली साधं लिक्विड ब्लीच घालून त्याने टाकी पुसा, १० मिनिटं ठेवा आणि दोनदा साध्या पाण्याने धुवा. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, ॲसिड किंवा आणखी काही मिसळू नका; त्यातून निघणारा क्लोरीन वायू श्वासनलिका जाळतो. पुढे उन्हाळाभर दर आठवड्याला टाकी पूर्ण कोरडी करा. नुसतं वरून पाणी ओतत राहिलं तर डेंग्यूचे डास त्यातच वाढतात, आणि केमोने आधीच प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी झालेल्या माणसाला डेंग्यू परवडत नाही.

वर्षाचा गहू निवडणं, तिखट कुटणं, जाळी काढणं, माळा झाडणं, दिवाळीची सफाई ही सगळी धुळीची कामं याच रांगेतली. कुरडयांचा चीक घोटायला तर आग, वजन आणि दंडातला जोर तिन्ही लागतात. या वर्षी कुरड्या-पापड बचत गटाकडून विकत घ्या. घरात रोजचा केर काढायचा असेल तर आधी ओल्या फडक्याने पुसा, म्हणजे धूळ उडत नाही. कुंड्यांची माती खालीवर करणंही दुसऱ्याकडे द्या. तुळशीला पाणी घालायला हरकत नाही.

सकाळचा भात

सकाळी भात लावायचा, झाकून ओट्यावर ठेवायचा आणि रात्री फोडणी द्यायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय इथे धोक्याची आहे. तांदळातल्या बॅसिलस जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, आणि पारा ३२ अंशांवर असेल तर एका तासात. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये म्हणजे रोजच. मोठं पातेलं तसंच आत ढकललं तर मधला भात कित्येक तास कोमट राहतो. म्हणून आधी परातीत पसरून निववा, मग उथळ डब्यात भरा. २४ तासांत संपवा, आणि वाफ येईपर्यंत गरम करूनच वाढा. मोड आलेली मटकी-मूग कच्चे नकोत, उसळ पूर्ण शिजवा. बाहेरचे तर्री-पोहे आणि सावजी रस्सा पेशी सुधारेपर्यंत लांब ठेवा; तोंडात छाले असतील तर त्या तिखटाने घासभर अन्नही गिळवत नाही. संत्री मात्र खुशाल खा, सोलण्याआधी सालासकट धुवून.

फोडणीच्या वासाने मळमळत असेल तर स्वयंपाक दुसऱ्याने करावा आणि त्या वेळी रुग्णाने हवेशीर खोलीत बसावं. गरम अन्नाचा वास जास्त येतो. निवलेला दहीभात किंवा गोळाभात पुष्कळांना जातो.

हात कोणत्या औषधाने नाजूक झालेत, हे न बघता काम देणं

इथे औषधागणिक नियम बदलतो, त्यामुळे आपल्या केमोचं नाव फाइलवर बघून लिहून ठेवा.

कॅपेसिटाबीन चालू असेल तर तळहात लाल होतात, जळजळतात, सालपटं निघतात. गरम पाणी आणि घर्षण यांनी ते वाढतं. म्हणजे भांडी घासणं, कपडे पिळणं, कणीक तिंबणं ही तीन कामं बंद. रबरी हातमोजे घालून गरम पाण्यात हात घालणं हा उपाय नव्हे. आत उष्णता कोंडते आणि हात आणखी सोलतात.

पॅक्लिटॅक्सेलने बोटं बधिर होतात. तवा किती तापलाय ते बोटांना कळत नाही, विळीवर बोट कापलं तरी रक्त दिसल्यावरच समजतं. पकड, लांब चिमटा वापरा, भाजी दुसऱ्याने चिरावी.

ऑक्सॅलिप्लॅटिनला थंडीचं वावडं. डोस झाल्यावर काही दिवस फ्रीजमधली वस्तू धरली की बोटांत करंट लागल्यासारखं होतं, आणि गार पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा वाटतो. भर मे महिन्यात प्रेमाने कुणी माठातलं पाणी पुढे करतं; ते नको, साधंच घ्या. कूलरचा झोत थेट अंगावर नको, आणि फ्रीज दुसऱ्याने उघडावा.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताने पाण्याची बादली किंवा भरलेला कुकर लगेच उचलायचा नाही. भाजणं, कापणं, सुई टोचणं टाळा, कारण तिथून संसर्ग शिरला की हात सुजतो. पण हात छातीशी बांधून ठेवणंही चूकच, खांदा आखडतो. शिकवलेले व्यायाम रोज करा, वजन हळूहळू वाढवा. हात लाल, गरम किंवा जड झाला तर त्याच दिवशी दाखवा. आजार हाडांत पोचला असेल तर वाकून वजन उचलण्याआधी डॉक्टरांना विचारणं सक्तीचं समजा.

पहिले ४८ तास

केमोनंतर साधारण दोन दिवस लघवी, शौच आणि उलटीतून औषध बाहेर पडतं. त्यांनी भरलेले कपडे, चादरी हातमोजे घालून उचला, घरच्या धुण्यात मिसळू नका, वेगळे दोनदा धुवा. कमोड असेल तर झाकण लावून दोनदा फ्लश करा. देशी संडास असेल तर पाणी उंचावरून आपटू नका, जवळून ओता, शिंतोडे उडता कामा नयेत. घरात गरोदर बाई असेल तर तिने यातलं काही करू नये. केमोच्या गोळ्या असतील तर त्या कुटू नका, उघड्या हाताने दुसऱ्याने काढून देऊ नका. जवळ बसणं, एका पंगतीत जेवणं याला मात्र काहीच आडकाठी नाही. ताटवाटी वेगळी करून माणसाला कोपऱ्यात बसवू नका.

मदत मागताना

"काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्यांना कुणी काही सांगत नाही, आणि मदत तिथेच राहते. नेमकं काम आणि नेमका वार द्या : "वहिनी, बुधवारी संध्याकाळी सहा पोळ्या", "भाऊ, शनिवारी कूलरची टाकी". नागपुरात तुकडोजी चौकातल्या किंवा जामठ्याच्या कॅन्सर रुग्णालयात रेडिएशनसाठी सोमवार ते शुक्रवार जावं लागतं तेव्हा पाचही दिवस वेगवेगळ्या माणसांत वाटून टाका; एकाच जावेवर सगळं टाकलं तर तिसऱ्या आठवड्यात तीही आजारी पडते. कामवाल्या बाईला सर्दी-खोकला असेल तर पगार न कापता सुट्टी द्या. पगार कापला जाईल या भीतीने ती खोकला लपवून येते, आणि तो खोकला घरात शिरतो. भाद्रपदात महालक्ष्म्या असतील तर नैवेद्याचा स्वयंपाक जावा-नणंदांनी वाटून घ्यावा. जिचा उपचार चालू आहे तिने बसून वाती वळाव्यात, आणि तो दिवस ७ ते १४च्या घरात पडत असेल तर हळदीकुंकवाच्या गर्दीत येऊ नये.

ताप

डिजिटल थर्मामीटर औषधांच्या डब्यात नको, हाताशी हवा. अंग गरम लागलं की नागपुरात पहिला अंदाज निघतो, ऊन लागलं असेल. कैरीचं पन्हं दिलं जातं, कपाळावर पट्ट्या ठेवल्या जातात आणि सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. केमोच्या माणसात हे चालत नाही. १००.४ फॅरनहाइट एकदा जरी आला, किंवा ताप नसतानाही थंडी वाजून हुडहुडी भरली, तरी त्याच तासात रुग्णालयाला फोन करा. आधी पॅरासिटामॉल देऊ नका, त्याने ताप झाकला जातो. केमोची तारीख, औषधाचं नाव आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट असलेला कागद फ्रीजच्या दारावर चिकटवलेला असू द्या, म्हणजे रात्री दोनला फोनवर तेवढं वाचून सांगता येईल.