सिझेरियनची तयारी: इंजेक्शनची वेळ लिहून ठेवा

सिझेरियनची तारीख ठरली की फाइल, तपासण्यांचे अहवाल आणि कपडे सगळेच भरतात. मीही भरले होते. राहिली होती ती एकच नोंद: रक्त पातळ ठेवण्यासाठी चालू असलेले इनॉक्सापॅरिनचे शेवटचे इंजेक्शन नेमके किती वाजता घेतले. औषधाचे नाव पाठ होते, वेळ मात्र ‘बहुधा काल रात्री’ एवढीच सांगता आली. कळा ठरल्या तारखेआधीच सुरू झाल्याने थांबायला सवड नव्हती. म्हणून मणक्यातली भूल रद्द करून मला पूर्ण भूल दिली गेली आणि बाळाचे पहिले रडणे मी सोडून खोलीतल्या सर्वांनी ऐकले.

रक्त पातळ असताना मणक्यात सुई घातली, तर आत रक्त साचून मज्जारज्जूवर दाब येण्याचा आणि पाय लुळे पडण्याचा धोका असतो. म्हणून गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या लहान मात्रेनंतर किमान 12 तास आणि उपचाराच्या मोठ्या मात्रेनंतर किमान 24 तास थांबतात. तेव्हा मात्रा आणि वेळ, दोन्ही कागदावर हवीत. लक्षात राहील म्हणू नका, राहत नाही. इंजेक्शन शेवटचे कधी घ्यायचे हे मात्र डॉक्टरच ठरवतील. आपल्या मनाने कोणतेही औषध थांबवू नका.

दमा असल्यास तो भूलतज्ज्ञांना स्वतःहून सांगा, कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरले जाणारे कार्बोप्रोस्ट दम्यात श्वास कोंडू शकते. रक्तदाब जास्त असेल तर तेही सांगा, कारण त्याच कामाचे मेथिलएर्गोमेट्रिन तो आणखी चढवते. झटके येऊ नयेत म्हणून दिले जाणारे मॅग्नेशियम सल्फेट चालू असताना रुग्णालय बदलावे लागले, तर नव्या ठिकाणी ते आवर्जून कळवा. पूर्ण भुलीत स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा परिणाम त्याने लांबतो. नैराश्यावरच्या गोळ्या आणि काढे-चूर्णेही यादीत लिहा, संकोच नको. रक्ताच्या नात्यात कुणाला भुलीचा गंभीर त्रास झाला असल्यास तोही.

उपाशी राहण्याच्या वेळा रुग्णालय सांगेल, त्या पाळा. पूर्ण भुलीत पोटातले अन्न फुप्फुसात जाऊ शकते. ॲलर्जी, हलणारे दात, नेलपॉलिश: हे ओघाने आलेच.

आणि ती वेळ लिहिली का? सोबत येणाऱ्या माणसाकडेही एक प्रत द्या. शस्त्रक्रियेनंतर पुढचे इंजेक्शन केव्हा ते विचारा, तीही वेळ लिहा.