जेलीचा पट्टेदार केक

पांढऱ्या केकच्या कापात लाल-हिरवे पट्टे हवेत? साधा व्हॅनिला केक टिनमध्येच २० मिनिटं निवू द्या. मग फोर्कने अर्ध्या-अर्ध्या इंचावर, तळाच्या जरा वरपर्यंत भोकं पाडा. दोन रंगांच्या जेली पावडरी वेगवेगळ्या, प्रत्येकी १ कप उकळत्या पाण्यात एकही कण न उरता पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. जिलेटिनची असेल तर अर्धा कप गार पाणी घालून, चमच्याने सावकाश भोकांवर सोडा. शाकाहारी जेलीत बहुधा शेवाळापासूनचं कॅरागीनन किंवा अगर-अगर असतं. ती ओट्यावरच गोठते. तिच्यात गार पाणी नकोच, गरम असतानाच ओता. माझी एकदा पातेल्यातच थिजली, मुलांनी तशीच फस्त केली! ३-४ तास फ्रिजमध्ये ठेवा, वरून फेटलेलं क्रीम.